स्नॉर्केल लावलं म्हणजे पिकअपची बोट होत नाही

टोयोटाची हायलक्स पिकअप घेतली की पहिला खर्च कशावर, तर स्नॉर्केलवर, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीवर. दिसतं भारी, मान्य. पण टोयोटाने ७०० मिमी वेडिंग डेप्थ (किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते) दिलीय ती नुसत्या स्नॉर्केलने वाढत नाही, कारण पाण्याला आत शिरायला इंजिनाच्या नाकाशिवाय अजून बऱ्याच वाटा आहेत.

आधी ब्रीदर बघा, म्हणजे डिफ, गिअरबॉक्स वगैरेंच्या आतली हवा ये-जा करायची नळी. हिमाचलच्या ग्राम्फू-काझा रस्त्यावर तासभर लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकदीचे गिअर) हाणून डिफ, म्हणजे एक्सलवरचा डिफरन्शियल, तापलेला असतो, तो बर्फाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढून घेते, सीलमधूनसुद्धा, मग ऑईलचा चहा होतो, दूध घातलेला. दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), सगळ्यांच्या ब्रीदरच्या नळ्या उंच न्यायच्या. काही नळ्या कंपनीनेच वर नेलेल्या असतात, तर गाडीखाली झोपून कुठली कुठं संपते ते स्वतः बघा, मेकॅनिकच्या भरवशावर राहू नका. खर्च स्नॉर्केलच्या मानाने किरकोळ.

आता स्नॉर्केल. सगळे जोड एअरटाइट नसतील तर तो शोपीसच. गाडी उभी, इंजिन नुसतं चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर प्लायवूडचा तुकडा दाबा, इंजिन गुदमरून बंद पडायला आलं पाहिजे. आरामात चालत राहिलं म्हणजे कुठूनतरी हवा आत येतेय, आणि तिथूनच उद्या पाणी येणार. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत इंजिनाचा हा खर्च बहुतेक मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घ्या.

वायरिंगच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी रोखणारं, वीज न वाहणारं) भरायचं, आणि पुढच्या ग्रिलवर ताडपत्री घट्ट बांधायची, म्हणजे पाण्याचा लोंढा थेट फॅनवर येत नाही. फॅनची पाती वाकून रेडिएटरला लागतात हो. मागचा हौदा रिकामा असेल तर गाडीचं बूड हलकं होऊन तरंगायला लागतं, थोडं सामान टाका.

हिमालयात नाले सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. आधी काठी घेऊन कुणीतरी चालत जाऊन बघायचं, आणि चालता येत नसेल इतकी ओढ असेल तर गाडीपण घालायची नाही, कारण ते ७०० मिमी साचलेल्या पाण्याचे, वाहतं पाणी ६० सेंमीलाच पिकअप उचलून नेऊ शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असताना लोक घालतात ना, तिथं कुठलाच जुगाड चालत नाही. नाल्यात उतरताना सीटबेल्ट काढलेला, काचा खाली. फोर-लो (चारही चाकांना ताकद, लो रेंजमध्ये), मॅन्युअल असेल तर क्लच दाबायचा नाही, चालण्याच्या वेगाने, म्हणजे पुढे जी लाट तयार होते तिच्या मागे राहता येतं.

मधेच बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, ओढूनच बाहेर काढा.

बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक सुकवा, आणि मुक्कामी पोचल्यावर डिफचा फिलर बोल्ट उघडून बोट घालून बघा, ऑईल पांढुरकं दिसलं तर बदलूनच पुढे निघा.