देणगीदाराचा अहवाल रजिस्टरात लिहून होतो

धडगावकडे नर्स होते तेव्हा कुपोषित पोरांच्या दंडाचा घेर मोजायचे. पुढे एका मदतसंस्थेतर्फे दक्षिण सुदानातल्या छावणीत गेले तर तिथेही हातात तीच तीन रंगांची पट्टी आली. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, १२५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. धडगावचा आकडा तालुक्याला जायचा, तिथला युरोपातल्या कुठल्याशा कार्यालयात. दुसऱ्या वर्षी तो पाठवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आता धुळ्यात असते. अशा नोकरीवर निघालेली आपल्याकडची पोरं फोन करतात, "ताई, डोनर रिपोर्ट कसा लिहायचा?" म्हणजे कामाला पैसे देणाऱ्याला पाठवायचा अहवाल. त्यांना सांगते तेच इथे.

गेल्या गेल्या लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाच्या उद्दिष्टांचा तक्ता, मागून घ्या आणि छापून टेबलासमोर चिकटवा. काय साधायचं, किती, आणि मोजणार कुठून, एवढंच त्यात असतं. अहवालातही तेच विचारतात. प्रत्येक निर्देशकाची, म्हणजे मोजायच्या गोष्टीची, व्याख्या पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. मी विचारली नव्हती. ‘लाभार्थी’च्या रकान्यात ओपीडीच्या सगळ्या तपासण्या टाकल्या, मलेरियाचा एक माणूस तीनदा आला की तो तीन माणसं झाला. बेरीज छावणीतल्या लोकसंख्येच्या वर गेली. डेटा बघणारा पोरगा म्हणाला, "सिस्टर, तुम्ही शेजारच्या देशालाही औषध दिलंय." तेव्हापासून नवा रुग्ण आणि फेरतपासणी यांचे रकाने मी रजिस्टरातच वेगळे आखून घेतले. महिन्याअखेरीला कॉम्प्युटरवर ते वेगळे करू म्हणाल तर होत नाही, करून पाहिलंय.

आता टक्केवारी. पोषण कार्यक्रमासाठी बहुतेक देणगीदार स्फिअरचे, म्हणजे मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांचे, निकष धरतात: बरी झालेली मुलं ७५ टक्क्यांच्या वर, दगावलेली १० च्या खाली, उपचार अर्धवट सोडून गेलेली १५ च्या खाली. भागायचं ते कार्यक्रमातून बाहेर पडलेल्या मुलांच्या संख्येने. जी अजून उपचार घेताहेत ती त्यात धरायची नाहीत. समजा तिमाहीत ६४ मुलं बाहेर पडली. ४४ बरी झाली, ३ दगावली, १७ परत आलीच नाहीत. म्हणजे ६९, ५ आणि २७ टक्के. इथे हात थरथरतो. त्या १७ मधली चार-पाच ‘दुसऱ्या केंद्रात पाठवली’ असं दाखवलं की आकडा सुधारतो, आणि असं सुचवणारं कोणीतरी भेटतंच. करू नका. २७ लिहा, खाली चार ओळी लिहा: कोणत्या आठवड्यांत यायची थांबली, तेव्हा काय चाललं होतं, शोधायला कोण गेलं, पुढच्या तिमाहीत काय बदलणार. युद्धाच्या मुलखात लोक रातोरात उठून जातात हे देणगीदारालाही ठाऊक असतं. सगळे निर्देशक हिरवे आलेला अहवाल पाहिला की मलाच शंका येते.

पाठवण्याआधी एक पडताळा माझा ठरलेला. पोषक पेस्टच्या एका पेटीत १५० पाकिटं, प्रत्येक ९२ ग्रॅमचं. रावेरला निर्यातीची केळी भरतात ना, साधारण त्या पेटीएवढं वजन. पूर्ण उपचाराला एका मुलामागे अंदाजे एक पेटी जाते. ४४ मुलं बरी झाली आणि गोदामातून वीसच पेट्या हलल्या, तर एक तर रजिस्टर खोटं आहे नाहीतर गोदामाची वही. ते आधी तुम्ही शोधा, ऑडिटरला शोधू देऊ नका.

हिशेब अकाउंटंट बघतो. तुम्ही एवढंच करा की औषधं लुटली गेली, तर अहवालाची तारीख येईपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात लेखी कळवा.

काय लिहायचं नाही हेही शिकावं लागतं. गावाचं नाव, जमात आणि ‘गोळी लागलेला १, पुरुष’ एका ओळीत आलं की तो माणूस कोण हे तिथल्या कुणालाही कळतं. असे छोटे आकडे जिल्ह्याच्या पातळीवर एकत्र करा. फोटोतली जागेची माहिती काढून टाका. दवाखान्यावर हल्ला झाला तर कोणी केला याचा अंदाज अहवालात नको. सुरक्षा परिषदेचा २०१६ चा ठराव २२८६ आरोग्यसेवेच्या संरक्षणासाठीच आहे आणि हल्ल्यांची नोंद जागतिक आरोग्य संघटना वेगळी ठेवते. तिकडे काय आणि कसं जाईल ते वरिष्ठ ठरवतील.

आणि रजिस्टरातला शेवटचा रकाना, ‘शेरा’. तो आठ-नऊ महिन्यांनी उपयोगी पडतो. एकदा देणगीदाराची मेल आली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इतक्या मुलांचे उपचार का सुटले? तोवर तिथली नर्स नोकरी सोडून गेली होती, मलाही काही आठवेना. जुनं रजिस्टर उघडलं. पावसाने शाई पसरली होती, पण अकरा नावांपुढे तिने एकच शब्द लिहून ठेवला होता: ‘नदी’. पूर आला होता, पलीकडच्या बायांना पोरं घेऊन येता आलं नव्हतं. त्या पानाचा फोटो, नावं झाकून, मी उत्तराला जोडला.