गावाला गेल्यावर झाडांना पाणी कोण घालणार?

धंद्याची कल्पना शोधायला गच्चीवरच्या बागेच्या ग्रुपवर आलात, तर आधी नुसते जास्वंदीचे फोटो आणि 'सुप्रभात' दिसेल. वैतागू नका. सर्चमध्ये 'पाणी' टाका आणि मागच्या एप्रिल-मेमध्ये जा. दिवाळीच्या आधीचा आठवडाही बघा. एकच प्रश्न दर वर्षी नव्या माणसाकडून येतो : "दहा दिवस कोकणात चाललोय, झाडांचं काय करू?"

बाल्कनीसाठी ठिबकचं किट विकायचा माझा छोटा व्यवसाय या प्रश्नातून निघाला. नवीन कुणी सल्ला मागितला की मी सांगते, प्रश्नाखालची उत्तरं नीट वाचा. लोक आधीपासून काय खटपटी करतायत ते तिथे कळतं. कुणी बाटलीला भोक पाडून ती कुंडीत उपडी खोचतं, कुणी बादलीतून सुती दोरी सोडतं, कुणी शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवतं आणि येताना त्यांच्यासाठी आमसुलं आणतं. एका ताईंनी लिहिलं होतं, "वॉचमनला पाचशे दिले, त्याने फक्त तुळशीला पाणी घातलं." अशी ओळ दिसली की थांबायचं. इथे पैसे खर्च होतायत आणि काम मात्र होत नाहीये.

मग त्याच्या खोलात शिरायचं. नळाला लावायचे टायमर बाजारात मिळतात, तरी लोक नाराज का? जुन्या पोस्टी चाळताना लक्षात आलं की 'टायमर चालू होतो पण पाणी येत नाही' म्हणणारे बहुतेक सगळ्यात वरच्या मजल्यावरचे. टाकी गच्चीवर आणि घर लगेच तिच्याखाली. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब, तेव्हा तीन मीटरला मिळणार ०.३ बार, तोही जेमतेम. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेच्या) बऱ्याच टायमरना उघडायलाच त्याहून जास्त दाब लागतो. बॉल व्हॉल्व्हचा टायमर छोट्या मोटरवर फिरतो, त्याला दाबाची गरज नसते. थोडा महाग पडतो, पण वरच्या मजल्याला तोच घ्यावा. दुसरी भानगड बोअर आणि टँकरच्या पाण्याची. क्षारांनी ड्रीपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं, चोंदतात. शेतकरी लाइनीत आम्ल सोडून त्या साफ करतात, फ्लॅटमध्ये ते कोण करणार? म्हणून मी उघडून धुता येणारे ड्रीपर देते. बाकी १६ मिमीची लॅटरल (पाण्याची मोठी नळी), कुंड्यांकडे जाणाऱ्या ४ मिमीच्या नळ्या, जोडायच्या टी, टोक बंद करायची एंड कॅप हे सगळं शेतीच्या कुठल्याही दुकानात मिळतं. लोक माझ्याकडून विकत घेतात ती जुळणी : मजला कितवा, कुंड्या किती, ऊन कुठल्या बाजूचं.

ग्रुपवर सगळ्यात जास्त विचारणा असते पिठ्या ढेकणाची, म्हणजे झाडांवरच्या पांढऱ्या कापसासारख्या किडीची. तरी मी तिकडे गेले नाही. कीटकनाशक म्हणून काही विकायचं तर १९६८ चा कायदा, नोंदणी, परवाना आलाच. खतालाही १९८५ चा नियंत्रण आदेश लागू आहे. घरच्या घरी बाटल्या भरून विकणारे खुशाल विकू देत, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

पहिल्याच दिवशी जाहिरात टाकलीत तर ॲडमिन बाहेर काढेल, आणि बरोबरच करेल. मी आधी जोडणीची आकृती काढून ग्रुपवर फुकट टाकली, कुठला भाग कुठे मिळतो त्यासकट. ज्यांना स्वतः करायचं होतं त्यांनी केलं, ते आपलं गिऱ्हाईक नव्हतंच. "मस्त! मलाही हवं" असं लिहिणाऱ्यांचीही मोजदाद करू नका. त्यांना सांगा, निम्मी रक्कम आगाऊ. सुरुवातीला यूपीआयवर जितके पैसे आले तितकंच सामान आणायचं.

कागदपत्रांचं फार दडपण नको. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणारा एजंट असतो. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

धंदा रुळला की माल मात्र फेब्रुवारीतच भरून ठेवा, मेमध्ये टायमरचा तुटवडा होतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कुणी फोन करत नाही. तेव्हा मी गोगलगायींच्या पोस्टी वाचते. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचणारे पुष्कळ आहेत, त्यासाठी खिशात हात घालणारा अजून एकही दिसलेला नाही.