कला शाखेतून विज्ञानाकडे: अडतं ते बीजगणितापाशी

पदवी कला शाखेची आणि आता पुन्हा वर्गात बसून विज्ञान शिकायचं, असं ठरलं की बहुतेक जण आधी भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणतात. दोन प्रकरणं कळल्यासारखी वाटतात, तिसऱ्यात गाडी रुतते. मग 'आपलं डोकं विज्ञानाचं नाहीच' असा निष्कर्ष निघतो. खरं तर गाडी भौतिकशास्त्रात रुतलेली नसते. शाळेत अर्धवट सुटलेलं बीजगणित आडवं आलेलं असतं.

एक छोटी चाचणी घ्या. १/अ + १/ब = १/क यातून क ची किंमत काढा. उत्तर अ + ब असं आलं, तर प्रवेशअर्ज भरण्याआधी दोन-तीन महिने गणिताला द्या. बरोबर उत्तर अब/(अ + ब) आहे. हीच मांडणी पुढे समांतर जोडलेल्या विद्युत रोधांमध्ये आणि, चिन्हाच्या फरकाने, भिंगाच्या सूत्रात भेटते, म्हणून ही चूक एका गणितापुरती राहत नाही.

उजळणीचा क्रम असा ठेवा: अपूर्णांक, घातांक, समीकरणात हवी ती राशी एकटी करणं, आलेख, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती. कॅल्क्युलस त्यानंतर. लॉगॅरिदम गाळायचा मोह होतो, पण पीएच (द्रावण किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) त्यावरच उभा आहे. पीएच ३ असलेल्या द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, पीएच ५ च्या द्रावणापेक्षा दुप्पट वगैरे नाही, १०० पट असते. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर, हेही दर वेळी बघा. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर तो रेडियनवर आहे.

सगळ्यात चिवट अडचण वाचनाच्या सवयीची. इतिहासाचं प्रकरण वाचून, अधोरेखित करून, टिपणं काढून बऱ्यापैकी हाती लागतं. भौतिकशास्त्राचं एक पान तासभर घेतं, आणि तो तास वाचण्यात नाही, लिहिण्यात जातो. सोडवून दाखवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते; पुस्तक मिटलं की पहिली ओळही सुचत नाही. पटणं आणि येणं यांतलं हे अंतर कला शाखेच्या अभ्यासात इतकं उघडं पडत नाही. म्हणून उदाहरण झाकून सोडवा. वीस मिनिटं झगडूनही काही हलत नसेल तर उत्तराची फक्त पुढची एक ओळ बघा, पुन्हा झाका, पुढे जा. तेच गणित तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर परत करा. तेव्हा सुटलं तरच ते आलं.

गणितात आकडे शेवटी भरा. अक्षरं शेवटपर्यंत ठेवली की एकक तपासता येतं: वेग काढताना उत्तर मीटर × सेकंद असं येत असेल तर चूक आकड्यात नाही, मांडणीत आहे. घन एककं हमखास फसवतात. एका घनमीटरमध्ये १०० नव्हे, १० लाख घन सेंटिमीटर असतात.

रसायनशास्त्रात खरी परीक्षा मोलची, म्हणजे पदार्थातले कण मोजायच्या एककाची. १० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घेतलं, मोलर वस्तुमान (एका मोलचं) ४० ग्रॅम, म्हणजे ०.२५ मोल. त्याचं ५०० मिली द्रावण केलं तर संहती ०.५ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.५ मोल. इथली नेहमीची चूक म्हणजे ५०० मिली पाणी मोजून त्यात पदार्थ टाकणं. आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, द्रावण गार होऊ द्यायचं, मग मोजपात्रातल्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. तरीही हा पदार्थ हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यामुळे वजनावरून काढलेली संहती अंदाजाचीच धरायची. नेमकी संहती टायट्रेशनने काढतात, म्हणजे संहती माहीत असलेलं दुसरं द्रावण किती लागतं ते मोजून.

टायट्रेशनमध्ये ब्युरेट (खाली तोटी असलेली मापनळी) शेवटी त्यात भरायच्या द्रावणानेच खंगाळा, नुसत्या पाण्याने नाही. उरलेलं पाणी द्रावण पातळ करतं. शंकूपात्राचं मात्र उलट: ते पाण्यानेच धुवायचं, कारण त्यात घ्यायच्या द्रावणाने खंगाळलं तर पिपेटने (ठरावीक माप ओढून घ्यायच्या नळीने) मोजलेल्यापेक्षा जास्त पदार्थ आत राहतो. ब्युरेटच्या तोटीतला हवेचा बुडबुडा आधी काढा, नाहीतर तो मध्येच निसटतो आणि ब्युरेटवरचं वाचन फुगतं. प्रयोगवहीत पेनने लिहा. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारा, खोडू नका. 'जुळत नाही' म्हणून खोडलेला आकडा पुष्कळदा बरोबर निघतो.

जीवशास्त्र भाषेच्या माणसाला जवळचं वाटतं, म्हणून काही जण सुरुवात तिथून करतात. संज्ञा पाठ होतात, पण पेशीतल्या क्रिया रसायनशास्त्राशिवाय आणि आनुवंशिकता संभाव्यतेशिवाय कळत नाही.

पहिल्या सत्रात गणित आणि एक प्रयोगशाळेचा विषय, एवढंच पुरे. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमागे आकडेमोड आणि अहवालाला साधारण आणखी तेवढाच वेळ धरा. विषय निवडताना कोणत्या विषयाआधी कोणता झालेला लागतो, ती साखळी कागदावर मांडा. गणित राहिलं की कॅल्क्युलस अडतं, कॅल्क्युलस अडलं की त्यावर बेतलेलं भौतिकशास्त्र. आणि तो विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर अख्खं वर्ष जातं.

अहवाल लिहिताना मात्र जुनी पदवी कामाला येते: प्रश्न नीट वाचणं, युक्तिवादातली फट दिसणं. फक्त विशेषणं आवरा. 'तापमान बरंच वाढलं' याला गुण नाहीत, '२१.५ पासून २७.० अंश सेल्सिअस, ±०.५' याला आहेत.