मुरगळलेला घोटा फार दिवस बसवून ठेवू नका
बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पाय घसरला किंवा कबड्डीत घोटा मुरगळला, की घरची मोठी माणसं हळदीचा लेप लावून १५ दिवस पलंगावर बसवतात. माया खरी, पण एवढी विश्रांती पायाला मानवत नाही. सांधा आखडतो, पोटरी बारीक होते.

आधी एक बघा. ४ पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढाच.

हाड शाबूत असेल तर दोन-तीन दिवसांनी खुर्चीवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत अक्षरं गिरवा. जमू लागलं की दाराची चौकट धरून १० वेळा टाचा उचला. त्यानंतर दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा. हे मात्र बहुतेकजण सोडून देतात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळून घेतात! हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं लिगामेंट ताणलं की पायाची तोल सांभाळण्याची जाणीवही मंदावते. ती सरावानेच परत येते.

थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली, तर व्यायाम निम्म्यावर आणा. राजहंसगडाची चढण मात्र त्या एका पायावर न दुखता उड्या मारता आल्यावरच.