लॉन कापणीच्या व्यवसायाचा लोगो आणि ब्रँडिंग : या चुका टाळा

जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता या भागांतील बंगले आणि सोसायट्या, तसेच रुग्णालये, शाळा आणि मंगल कार्यालये यांच्या आवारातील लॉन कापून देणाऱ्या व्यावसायिकाकडे साधारणपणे एक-दोन ब्रश कटर (खांद्याला अडकवून चालवायची गवत कापण्याची यंत्रे), एखादा ढकलायचा मूवर, एक छोटा हत्ती (लहान मालवाहू गाडी) आणि दोन-तीन कामगार असतात. यंत्र घेताना तो चार दुकानांत चौकशी करतो. लोगो मात्र फ्लेक्सची ऑर्डर देताना डीटीपी करणाऱ्याच्या शेजारी उभे राहून अर्ध्या तासात उरकला जातो. पुढे निर्माण होणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते. लोगो संगणकाच्या मोठ्या, उजळ पडद्यावर पाहून मंजूर केला जातो, पण त्याला राहायचे असते ते गाडीच्या दारावर, टी-शर्टच्या खिशावर, पावतीवरील रबरी शिक्क्यात आणि व्हॉट्सअॅपच्या नखाएवढ्या वर्तुळात.

नाव ठरवताना होणाऱ्या चुका

लोगोपूर्वी नाव येते आणि या व्यवसायात सर्वांत महागात पडणारी चूक तेथेच होते. सोलापुरात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, नावापुढे ‘लॉन्स’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडव उभा राहतो. अशा नावाची पाटी लावल्यास फोन येतील, परंतु ते तारीख मोकळी आहे का आणि जेवणाचे ताट केवढ्याला, हे विचारणारे असतील. नाव बदलणे शक्य नसेल, तर ‘लॉन कटिंग व बाग देखभाल’ ही ओळ नावाच्या खाली बारीक अक्षरांत न टाकता नावाच्या निम्म्या उंचीएवढ्या अक्षरांत द्यावी आणि चित्रात यंत्र स्पष्ट दाखवावे.

दुसरी चूक ग्रामदैवताच्या नावाची. सिद्धेश्वरांवरील श्रद्धेविषयी प्रश्नच नाही, पण त्या नावाची किराणा दुकाने, मेडिकल, गॅरेज आणि पतसंस्था शहरात इतक्या आहेत की मोबाइलवर शोधणाऱ्या ग्राहकाला आपण सापडतच नाही. ‘ग्रीन’ आणि ‘हरित’ या शब्दांचीही तीच गत आहे. शिवाय केवळ कामाचे वर्णन करणारे किंवा सर्रास वापरातले नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेणे कठीण जाते. शिवछत्रपतींचे चित्र किंवा नाव लोगोत घेण्याचा मोहही अनेकांना होतो. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांचा समावेश असल्यामुळे केंद्र शासनाच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही, हे डीटीपी करणारा सांगत नाही.

चित्र : गवताची पाती आणि परदेशी यंत्र

इंटरनेटवरून उचललेल्या चित्रात हमखास एक मोठे, बसून चालवायचे यंत्र आणि त्यामागे मैलभर पसरलेले हिरवे कुरण असते. आपला कामगार खांद्याला ब्रश कटर अडकवून दोन गुंठ्यांच्या आवारात फिरणार असेल, तर ते चित्र ग्राहकाला चुकीची अपेक्षा देते. शिवाय तेच चित्र आणखी दहा जणांनी उचललेले असते आणि त्यावर मूळ चित्रकाराचा हक्क असतो, तो वेगळाच. स्वतःच्या यंत्राची बाजूने दिसणारी साधी आकृती काढून घेतलेली केव्हाही बरी.

आकृतीत बारीक रेषा असू नयेत, याचे कारण प्रत्यक्ष काम पाहिल्यावरच नीट कळते. गाडीवरील रेडियमचे, म्हणजे चिकटवायच्या रंगीत पातळ पत्र्याचे काम करणारा कारागीर यंत्रावर अक्षरे आणि आकृती कापून घेतो, नको असलेला भाग चिमट्याने उचलतो आणि उरलेला पत्र्यावर चिकटवतो. गवताची पाती सुतासारखी बारीक असतील, तर त्यांतील काही चिमट्याबरोबरच निघून येतात आणि उरलेली गाडी पहिल्यांदा धुताना टोकाकडून सुटू लागतात. टी-शर्टवरील भरतकामात तीच पाती एकमेकांत मिसळून हिरवा गोळा तयार होतो. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू विरघळणारी छटा रेडियममध्येही येत नाही आणि शिक्क्यातही येत नाही. म्हणून तीन जाड पाती आणि यंत्राची एक आकृती पुरेशी समजावी, आणि पंधरा पात्यांचा आग्रह धरणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

मंजुरी देण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. लोगो काळ्या शाईत दोन सेंटिमीटर रुंदीचा छापावा, त्याची झेरॉक्स काढावी आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी. त्यानंतरही नाव वाचता येत असेल आणि यंत्र ओळखू येत असेल, तर तो लोगो पावतीपासून पाटीपर्यंत कोठेही चालेल. मोठ्या आकाराची चाचणी याच्या उलट आहे. कागदावर छापलेला लोगो गाडीच्या दारावर चिकटवून रस्त्याच्या पलीकडून पाहावा.

रंग

हिरव्यावर हिरवे लिहिणे ही या धंद्यातील सार्वत्रिक खोड आहे. फिकट हिरव्या पार्श्वभूमीवर गडद हिरवी अक्षरे पडद्यावर छान दिसतात, पण दुपारच्या उन्हात पाटीवर ती वाचता येत नाहीत. येथे आणखी एक स्थानिक बाब लक्षात घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात राहिलेल्या फ्लेक्सवरील पिवळी व गुलाबी शाई निळ्या आणि काळ्या शाईच्या आधी उडते. छपाईतील हिरवा रंग निळा आणि पिवळा मिळून बनतो. त्यामुळे उन्हाळा संपेपर्यंत आपला हिरवा निळसर झालेला असतो आणि गाडी, पाटी व टी-शर्ट यांवर तीन वेगळे हिरवे दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे कायमच्या पाटीसाठी फ्लेक्सऐवजी रंगीत रेडियम किंवा अॅक्रिलिकची अक्षरे वापरणे, नाव गडद रंगात ठेवणे आणि हिरवा केवळ चित्रापुरता राखणे. रंग फोनवर तोंडी सांगू नये. मंजूर केलेला छापील नमुना जपून ठेवावा आणि प्रत्येक वेळी कारागिराला तोच दाखवावा.

अक्षरे, पाटी आणि घोषवाक्य

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मोठी वस्ती आहे. म्हणून काही जण चारही लिप्या एकाच लोगोत कोंबतात आणि मग कोणतीच वाचता येत नाही. लोगोत मराठी नाव आणि बोलके चित्र ठेवावे. बाकीच्या भाषा त्या त्या वस्तीत वाटायच्या पत्रकांवर वापराव्यात. दुकान किंवा कार्यालय असेल, तर पाटी मराठीत हवी. दुकाने व आस्थापना विषयक २०१७ च्या राज्य कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही हे बंधन लागू झाले असून मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. तेव्हा आधी इंग्रजी लोगो करून मराठी नाव कोपऱ्यात बसवण्यात अर्थ नाही.

संगणकावरील अनेक फाँट हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ देतात. ‘लॉन’ हा शब्दच मोठ्या अक्षरांत लिहायचा असल्यामुळे मराठी वळणाचा फाँट मागून घ्यावा.

घोषवाक्यात ‘बारमाही हिरवेगार’ असे लिहिण्याचा मोह मात्र निग्रहाने टाळावा. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे मे महिन्यात पिवळ्या पडलेल्या लॉनशेजारी असे घोषवाक्य लिहिलेली गाडी उभी राहणे ही आपल्याच खर्चाने केलेली बदनामी होय. आपण कापणी आणि देखभाल विकतो, पाणी विकत नाही. ‘ठरलेल्या दिवशी कापणी, कचऱ्यासह सफाई’ यासारखे पाळता येईल तेवढेच लिहावे. मोबाइल क्रमांक लोगोच्या आकृतीत गुंफू नये, कारण क्रमांक बदलला की लोगोच बदलावा लागतो.

लोगो आधीच बिघडला असेल तर

पाटीवर लोगो फुटलेला, चौकोनी ठिपक्यांचा दिसत असेल, तर प्रेसला बहुधा व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत गेलेली असते. फोटो पाठवताना त्याचा आकार आणि दर्जा घटतो, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, आणि तीही वेक्टर स्वरूपातील म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी असावी. मूळ फाइल हरवली असेल, तर जेपीजी ताणत बसण्यापेक्षा लोगो नव्याने आखून घेणे स्वस्त पडते. जोडाक्षरे सुटली किंवा वेलांट्या सरकल्या, तर त्या प्रेसकडे आपला फाँट नाही असे समजावे आणि सर्व अक्षरांचे कर्व्हमध्ये, म्हणजे फाँटशिवाय दिसणाऱ्या आकृतींमध्ये रूपांतर केलेली फाइल द्यावी. व्हॉट्सअॅपच्या वर्तुळात नावाची टोके कापली जात असतील, तर तेथे पूर्ण लोगो न लावता केवळ चित्र लावावे.

पैसे चुकते करताना डिझायनरकडून मूळ फाइल आणि लोगोचे सर्व हक्क आपल्याला दिल्याचे सही केलेले पत्र घ्यावे. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपले झाले, ही समजूत धोक्याची आहे. ट्रेडमार्क नोंदवायचा असल्यास बाग व लॉनच्या देखभालीच्या सेवा वर्ग ४४ मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते, त्यानंतर नूतनीकरण करता येते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येते, परंतु वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह नोंदणी पूर्ण होण्यापूर्वी लावणे हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार गुन्हा ठरतो. ही सगळी कामे मेअखेरपर्यंत उरकावीत, कारण जूनपासून गवत वाढू लागते, सप्टेंबरच्या पावसात तर ते आवरत नाही, आणि त्या दिवसांत प्रेसमध्ये जाऊन प्रूफ तपासायला कोणालाही सवड मिळत नाही.