सूर्यफूल लावायच्या आधी पूर्व कुठे ते बघा

बियाणं आणायच्या आधी अंगणात उभं राहून पूर्व दिशा नक्की करा. सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं आहे, पण कळी उमलेपर्यंतच. वाढत्या रोपाचा शेंडा सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला असतो आणि रात्रीतून परत पूर्वेला येतो. फूल उमललं, देठ जून झाला की हे फिरणं थांबतं आणि फूल पूर्वेकडे तोंड करून कायमचं उभं राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी काही झाडांच्या कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे वळवून पाहिल्या होत्या. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर सुमारे पाचपट कीटक येतात, असं त्यांना दिसलं.

आता आपल्या अंगणाचं बघू. लातूरला आमचं घर पश्चिममुखी. अंगण घराच्या पश्चिमेला, त्यामुळे तिथली सगळी फुलं ओसरीकडे बघतात. समोरच्या घरातली सून एकदा म्हणाली, "काकू, तुमची फुलं आमच्याकडे पाठ करून का हो उभी?" तिचं घर पूर्वमुखी. तिने पुढच्या अंगणात लावली तर रस्त्यावरच्यांना फुलं दिसतील, घरातल्यांना नुसते देठ. तिला मी मागच्या परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावायला सांगितलं. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा: आपली बसायची जागा फुलांच्या पूर्वेला हवी.

ऊन किमान सहा तास पाहिजे. झाडाच्या सावलीत लावलंत तर रोप लांबट, वाकडं होतं. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा वीतभर उंच करा आणि मातीत कुजलेलं शेणखत व थोडी वाळू मिसळा. युरियाच्या नादी लागू नका, पानंच माजतात. कुंडी असेल तर बारा-चौदा इंच तोंडाची आणि तेवढीच खोल घ्या, एका कुंडीत एकच झाड.

घरासाठी मला मॉर्डेन ही बुटकी जात आवडते. कंबरेच्या थोडी वर जाते, वाऱ्याने सहसा पडत नाही आणि तीन महिन्यांच्या आत बी हाती येतं. उंच संकरित वाण लावलेत तर बांबूचा आधार आणि बांधायला सुती चिंधी आधीच जवळ ठेवा. दुकानातलं बियाणं लाल-गुलाबी रंगाचं असेल तर ते औषध लावलेलं असतं. लेकरांच्या हाती देऊ नका. आणखी एक, फुलदाणीसाठी म्हणून ज्या बिनपरागाच्या जाती विकतात त्या दिसायला देखण्या, पण त्यांच्यावरून मधमाश्यांना पराग मिळत नाही. माझ्या अंगणात त्यांना जागा नाही.

पेरायचं दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस नक्की गेल्यावर. जूनमध्येही उगवतं, पण ओल्या हवेत पानांवर करपा येतो आणि फुलात पाणी साचून ते कुजतं. दुसरी पेरणी संक्रांतीनंतर करता येते. बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी एक-दीड पेर खोल टोकून द्या. एका जागी दोन बिया, दोन जागांत हातभर अंतर. ट्रेमध्ये रोपं करून मग लावायची पद्धत इथे नको. सूर्यफुलाला सोटमूळ असतं, ते दुखावलं की झाड खुरटतं. पाच-सात दिवसांत मोड वर येतात आणि चिमण्या-साळुंक्या नेमक्या तेव्हाच येतात. रोपाला चार पानं येईपर्यंत वर जाळी किंवा पालथी टोपली ठेवा. मग दोनातलं जोमदार रोप राखून दुसरं कापून टाका. उपटलंत तर शेजारचं मूळ हलतं.

पाणी सुरुवातीला बेताचं द्या. कळी धरताना, फूल उमलताना आणि दाणा भरताना मात्र ताण पडू देऊ नका. पानांच्या मागे केसाळ अळ्यांचा पुंजका दिसला तर ते पानच तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. फुलं आल्यावर कोणतंही कीटकनाशक मारायचं नाही, कारण त्याने मधमाश्या मरतात.

ज्याला आपण एक फूल म्हणतो ते शेकडो बारीक फुलांचं तबक असतं. ती एकदम उमलत नाहीत. आधी कडेचं वर्तुळ उघडतं, मग रोज थोडं थोडं आत सरकत आठवड्याभरात मधोमध पोचतं. प्रत्येक बारीक फुलातून आधी पराग बाहेर येतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसराची दोन टोकं विलग होतात. आपल्याच झाडाच्या परागाने दाणा फारसा धरत नाही. म्हणून एकच झाड लावू नका. पाच-सहा तरी लावा आणि एकाच आठवड्यात पेरा, म्हणजे सगळी सोबत फुलतील.

मधमाश्या कमी असतील तर हे काम आपण करायचं. औसा तालुक्यात आमच्या रानात सूर्यफूल असायचं तेव्हा वडील आम्हा भावंडांना सकाळी हाताला मलमल गुंडाळून पाठवायचे. मी अजून तसंच करते. दव सुकलं की, सात ते अकराच्या दरम्यान, तबकावरून तळवा अलगद गोल फिरवायचा, मग तेच कापड पुढच्या फुलावर. दोन फेऱ्यांत कापड पिवळंधमक होतं आणि बोटांना राळेसारखा वास लागतो. एक दिवसाआड असं चार-पाच वेळा केलं की मधले दाणे पोचट राहत नाहीत. पिवळ्या पाकळ्या उघडायला लागल्या की लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम बोरॅक्स विरघळवून संध्याकाळी एकदा फवारा, दाणा चांगला भरतो. आता त्या रानांत सोयाबीन असतं, सूर्यफुलाचं पिवळं शेत क्वचित दिसतं. म्हणून तर अंगणातली ही चार झाडं मला जपावीशी वाटतात.

पाकळ्या गळल्या की राघू येतात. तबकाला जुन्या सुती ओढणीचा तुकडा सैल बांधा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरून बुरशी येते. एखादं फूल मी उघडंच सोडते, राघूंचाही वाटा असावा.

तबकाची पाठ हिरवी असेपर्यंत थांबा. ती लिंबासारखी पिवळी, मग तपकिरी झाली की वीतभर देठासह कापा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा आणि गोणपाटावर पालथं ठेवून काठीने हळू झोडपा. टरफलं आणि वाळलेले देठ भाजीच्या वाफ्यात टाकू नका, त्यांच्यातल्या द्रव्यांनी दुसरी रोपं खुंटतात.

संकरित वाणाचं बी पुढे धरण्यात अर्थ नाही, झाडं एकसारखी येत नाहीत. मॉर्डेनचं बी धरता येतं, पण जवळपास दुसरी जात फुललेली नको. जानेवारीत काढलेलं बी लगेच पेरू नका. ताजं बी साधारण दीड महिना सुप्तावस्थेत असतं, नीट उगवत नाही. संक्रांतीनंतरच्या पेरणीसाठी मागच्या वर्षीचं बी वापरा आणि नवं बी कोरड्या बरणीत दसऱ्यापर्यंत ठेवा.