चंद्रानं खाल्लेले सहा महिने

कादंबरीचे रोज ३०० शब्द लिहिले तर २०० दिवसांत ६०,००० होतात. हा हिशोब मीही भिंतीवर चिकटवला होता. पहिला खर्डा पुरा व्हायला दोन वर्षं लागली. नवव्या आणि दहाव्या प्रकरणाच्या मध्ये तर मी पाच महिने अडकून होते, आणि आपल्याला लिहिताच येत नाही अशी खात्री करून घेतली होती. तसं काही नसतं. पुढचा प्रसंग सुचत नसेल तर त्याच्याही पुढचा लिहा, मधली फट नंतर बुजवता येते.

बुजवता येत नाही ती एकच गोष्ट, काळाची गुंतागुंत. म्हणजे येते, पण जीव काढते.

खर्डा एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिनं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ही बाई तेरा महिने गरोदर आहे.’ मी हसले, मग बोटं मोजली. खरंच तेरा. मग बाकीचं तपासायला घेतलं. आठ दिवसांत दोन पौर्णिमा! त्यातल्या एका पौर्णिमेला चंद्र मध्यरात्री उगवलेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच वर येतो आणि पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येत जातो, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण लिहिताना मला फक्त चांदणं हवं होतं.

हे निष्काळजीपणामुळे होतं असं समजू नका. कादंबरी दोन वर्षं लिहिली जाते आणि तिच्यातला काळ असतो निराळाच. माझ्या खिडकीबाहेर पाऊस लागला की पानावरही पाऊस पडायचा, मग कथेत उन्हाळा का असेना. आणि दुरुस्ती एका जागी होत नाही. बाळाचा जन्म चार महिने अलीकडे घेतला, तर आजीचा मृत्यू त्याच्या नंतर गेला. मग तिच्या हातचं पत्र कुणी दिलं? पत्र हलवलं, तर भाऊ दोन प्रकरणं आधीच त्यातल्या मजकुरावरून चिडलेला. सहा महिने गेले यात.

म्हणून एक वही करा. प्रत्येक पात्राचं जन्मसाल. प्रत्येक प्रसंगाचा महिना, वार, तिथी. आणि शेवटचा रकाना, तो अजिबात सोडू नका: या प्रसंगाअखेर कुणाला काय ठाऊक आहे. प्रसंग लिहून झाला की लगेच भरायचं, आधी नाही. आधी तक्ते आखत बसणारे लोक तक्तेच आखत राहतात. मी तीन रंगांची पेनं आणून हेही करून पाहिलंय.

गुरू करण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एका जाणत्या लेखकानं माझी तीन प्रकरणं वाचून ‘नायिकेत प्राण फुंका’ असं सांगितलं. आता यावर सोमवारी सकाळी बसून नेमकं करायचं काय? त्यापेक्षा बोटं मोजणारी मैत्रीण शोधा. कथानकाचे तयार साचे मिळतात, तेही नकोत. माझी त्या साच्यातली प्रकरणं शेवटी सगळी कापावी लागली.

प्रकाशकाकडे संहिता पुरी करूनच पाठवा. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, नकार एका ओळीत येतो. मला चार आले. पहिल्याला रडले, चौथा वाचून भांडी घासायला गेले. कुणी छपाईचे पैसे मागितले तर प्रती किती आणि हक्क कुणाचे हे आधी लेखी घ्या. घाबरून सही करू नका.

सध्या दुसरी लिहितेय. वही पहिल्या दिवसापासून आहे. परवा चौथ्या ओळीतच सापडलं: बाप मुलापेक्षा अकरा वर्षांनी मोठा.